एकहाती म्हैस

थोरली पडली ती हौदाजवळच्या शेवाळावर. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, विहिरीचा तळ उघडा पडलेला, सगळं रान करपून गेलेलं, आणि अख्ख्या गावात शेवाळ उरलं होतं ते यांच्या हौदाच्या कडेला, तेही तळहाताएवढं. बाईचा पाय बरोब्बर त्याच्यावरच पडावा! डोक्यावर झाडपाल्याचा भारा होता. भारा वाचवायला गेली आणि उजवं मनगट अंगाखाली आलं.

ओरडली मात्र नाही. धाकटी जाऊ स्वयंपाकघरातून धावत आली तर ही जमिनीवर बसलेली, तोंड पांढरंफटक, मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. आणि म्हणते काय, तर, "पाला आत टाकायला हवा. उन्हात सुकतो."

टाकायला हवा. कुणी टाकायचा ते नाही. थोरलीचं बोलणं असंच होतं. धाकटीला या घरात येऊन तीन वर्षं झाली, पण थोरलीनं तिला कधी नावानं हाक मारली नाही, कधी 'अगं' म्हटलं नाही, कधी 'तू' म्हटलं नाही. "पाणी भरून ठेवायचं असतं." "दार लोटलेलं बरं." जणू घरात दुसरी बाई नाहीच, कामं आपली आपण होतात, त्यांना नुसती आठवण करून द्यायची. भांडली असती तरी चाललं असतं. शेजारच्या जावा सकाळी एकमेकींचे बाप काढायच्या आणि दुपारी एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघत बसायच्या. धाकटीला त्यांचा हेवा वाटायचा.

कारण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. थोरलीला धाकट्या दिरासाठी आपली चुलतबहीण आणायची होती. जवळपास ठरलंच होतं. आणि दीर चार महिने रस्त्याच्या कामावर गेला तो तिथून डांबर उकळणाऱ्याची मुलगी लग्न करून घेऊन आला. थोरलीनं आदळआपट केली नाही, की रडली नाही. नव्या सुनेला ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि तेव्हापासून तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

थोरलीच्या नवऱ्याला सगळे गवंडी म्हणत, कारण तो गवंडीच होता. तो तिला सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. मागे धाकटी एकटी राहिली आणि तिच्या मनात आलं, आज आपण असं काहीतरी करू की हिला बोलायलाच लागेल. खुंटीवर थोरलीचा गोठ्यातला कोट होता. गवंड्याचाच जुना, बाह्या दुमडलेला, शेणानं आणि दुधानं कडक झालेला. धार काढताना थोरली तो घालायची. त्या दिवशी पडताना तो तिच्या अंगावर होता, त्यामुळे त्याच्यावर चिखलही होता. धाकटीनं तो हौदावर नेला, जपून ठेवलेल्या पाण्यातलं बादलीभर घेतलं, साबणाची नवी वडी फोडली आणि असा धुतला, असा धुतला, की कोटाचा खरा रंग हिरवा आहे हे घरात पहिल्यांदा कळलं. मग दोरीवर वाळत घालून ती खूश होऊन बसली.

संध्याकाळी थोरली परत आली. कोपरापर्यंत प्लॅस्टर. दीड महिना हात हलवायचा नाही. दारातच तिनं दोरीवरचा कोट बघितला आणि थांबली.

"धुतला," धाकटी म्हणाली. "फार मळला होता."

थोरली आत गेली.

आता म्हशीचं सांगायला हवं, कारण ते घर तेव्हा म्हशीवर उभं होतं. बांधकामाला पाणी लागतं, पाणी नव्हतं, म्हणून गवंड्याच्या थापीला गंज चढला होता. धाकटीचा नवरा त्याच्या हाताखाली विटा द्यायचा, तोही घरी. शेत कोरडं. उरलं काय, तर सकाळ-संध्याकाळ डेअरीवाल्याच्या किटलीत जाणारं दूध. म्हशीला गवंड्यानं नाव ठेवलं होतं बाईसाहेब, कारण तिचे नखरेच तसे होते. उरलेलं आंबोण खायची नाही, अनोळखी माणसाला शेपटीचा फटका. तिचं रेडकू जन्मून आठव्या दिवशी गेलं. रेडकू गेलं की म्हैस दूध चोरते, पान्हा सोडत नाही. पण थोरली गोठ्याचं दार आतून लावून घ्यायची, बाईसाहेबांच्या पोटाला डोकं टेकायची आणि काहीतरी पुटपुटत राहायची. बाहेर नुसती कुजबुज ऐकू यायची. म्हैस पान्हावायची. त्यामुळे म्हैस एकहाती झाली होती. थोरलीच्या हाताशिवाय दुसरा हात तिला चालत नव्हता.

पहिल्या संध्याकाळी धाकटीनं तो स्वच्छ कोट घातला, हाताला तेल लावलं, बादली गुडघ्यात धरून बसली. बाईसाहेबांनी मान वळवून कोट हुंगला. एकदा हुंगला, परत हुंगला. मग अशी लाथ मारली की बादली दाराबाहेर आणि धाकटी शेणात.

"कोट घालूनसुद्धा?" गवंडी म्हणाला.

ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली थोरली म्हणाली, "सहा वर्षं पाणी लावलं नव्हतं त्याला. धुतलेल्या कोटात कोण आहे ते तिला कसं कळावं?"

धाकटीच्या मांडीवर खुराचा काळानिळा ठसा उठला होता, पण तिथं दुखलं नसेल इतकं हे लागलं. साबणाची नवी वडी! स्वतःच्या हातानं तिनं म्हशीची ओळख पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठली. दोन कोसांवरच्या ओढ्यात अजून थोडी झाडं हिरवी होती. ती कमरेला कोयता खोचून चढायची, फांद्या तोडायची, भारा बांधायची आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत परत. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. थोरली हे काम न बोलता करायची, तेव्हा त्यात एवढं काही आहे असं धाकटीला वाटलं नव्हतं. आल्यावर आंबोण भिजवायचं, गव्हाण झाडायची, म्हशीला ओल्या फडक्यानं पुसायची, आणि मग बादली घेऊन बसायचं. बाईसाहेब पाला खायच्या, आंबोण खायच्या, पुसून घ्यायच्या आणि कासेला हात लागला की पाय उचलायच्या.

गवंड्यानं युक्ती काढली. थोरलीचं रात्रीचं पांघरूण धाकटीच्या अंगावर टाकून बघायचं. टाकलं. म्हशीनं हुंगलं, कान हलवले, आणि खरोखरच तांब्याभर दूध आलं. मग म्हैस थांबली. कान मागे करून वाट बघत राहिली. कसली तरी वाट बघत होती हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"वहिनी बोलायच्या ना हिच्याशी," धाकटीचा नवरा म्हणाला. "ते हवंय हिला."

धाकटी ओसरीवर गेली. "जाऊबाई, तुम्ही म्हशीला काय म्हणता?"

"काही नाही."

"काहीतरी म्हणता. आम्ही ऐकतो रोज."

थोरलीनं एकदम मान वर केली. "काय ऐकता?"

"शब्द नाही ऐकू येत. आवाज येतो."

थोरलीचा चेहरा सैल झाला. "मग आवाज काढायचा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

धाकटीनं आवाज काढले. 'ये गं ये', 'सोन्या', 'बाळा', पोरं झोपवताना म्हणतात ते सगळं म्हणून झालं. नवरा दारात उभा राहून हसत होता. म्हैस हसली नाही, दूधही दिलं नाही.

"तू नुसती जाऊन उभी तरी राहा तिच्यापुढे," गवंडी थोरलीला म्हणाला.

"उभी राहून काय होणार?"

"बघ तर जाऊन."

"हात ठणकतोय माझा."

चौथ्या दिवशी कास दगडासारखी झाली. हात लावला की म्हैस थरथरायची. डेअरीवाला रिकामी किटली घेऊन परत जाताना गोठ्यात डोकावला. "सुई द्या," तो म्हणाला. "एक सुई टोचली की नळ सोडल्यासारखं दूध येतं. माझ्याकडे आहे. पुढे काय होतं ते पुढे बघू."

थोरली चार दिवसांत पहिल्यांदा ओसरी उतरून आली. प्लॅस्टरचा हात छातीशी धरलेला, केस विस्कटलेले. "सुई काढलीस तर तुझा हातही माझ्या हातासारखा करीन," ती म्हणाली. डेअरीवाल्यानं सायकल फिरवली ती थेट रस्त्याला लागेपर्यंत मागे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी दोघे भाऊ अंगणात बसून बोलले. फार बोलणं नव्हतंच. म्हैस आटली तर कसायाशिवाय कुणी घेणार नाही. परवा बाजार आहे, अजून अंगावर मांस आहे तोवर न्यावी. आणि मग घरात चार तोंडं, काम नाही. रस्त्याच्या कामाचा मुकादम जोड्या मागतो आहे, नवरा-बायको मिळून. तर धाकट्यानं जोडीनं जावं. वर्षभर, फार तर दोन.

"वहिनी, तुमचं काय म्हणणं?" धाकटीच्या नवऱ्यानं विचारलं.

"विका," थोरली म्हणाली.

धाकटी चुलीपुढे बसून ऐकत होती. तिच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. रस्त्याचं काम तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिचा जन्मच तिथला. प्लॅस्टिकच्या कापडाचं पाल, वारा आला की धरून बसायचं. दर दोन-तीन महिन्यांनी चूल नवी, पाणी नवं, शिव्या मात्र त्याच. डांबराचा वास आईच्या केसांना, भातालाही. लहानपणी कुणी विचारलं, घर कुठं, तर ती बोट दाखवायची आणि दुसऱ्या खेपेला त्या जागेवरून ट्रक जात असायचे. नवऱ्यानं मागणी घातली तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, तुमच्या घराला दार आहे का? तो हसला होता. तिनं थट्टा केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे भाऊ मुकादमाला भेटायला गेले तेव्हा ती ओसरीवर जाऊन थोरलीच्या समोरच बसली. अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. थोरलीला सरकायला मागे भिंत होती.

"मी जाणार नाही," धाकटी म्हणाली.

"मला का सांगायचं?"

"कारण तुमच्या हातात आहे. मोडका असला तरी तुमच्याच हातात आहे. मला त्या पालात परत जायचं नाही. मला मारा, शिव्या द्या, बोलू नका आणखी दहा वर्षं, पण मी या घरातून हलणार नाही. उद्या सकाळी म्हशीपुढे या. ती तुमच्यासाठी थांबलीय."

"आणि मग?"

"मग ती पान्हावेल. मी धार काढीन."

"आणि मग?" थोरलीचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला धाकटीनं कधी ऐकला नव्हता. "मग तिला तुझा हात लागेल. माझा हात बरा होईपर्यंत ती तुझी होईल. स्वयंपाक तू करतेस, तो सगळ्यांना आवडतो. पाणी तू आणतेस. माझा नवरासुद्धा भाजीत मीठ नीट पडलं की तुझ्याकडे बघून मान हलवतो. त्या गोठ्यात मला एक दार लावून घेता येतं. तेही देऊ? मग माझं काय राहिलं या घरात?"

'तू' पहिल्यांदा ऐकू आलं ते हे असं. धाकटीला वाटलं होतं, हिच्या मनात चुलतबहीण आहे. तीन वर्षं ती त्या न आलेल्या बाईशी मनातल्या मनात भांडत होती. मग तिला रागच आला.

"आणि उद्या विकल्यावर काय राहील?" ती म्हणाली. "दावं? ते घेऊन बसा दार लावून!"

धाकटी उठली, पदरानं डोळे पुसले आणि कोयता घेऊन ओढ्याकडे गेली. उद्या म्हैस बाजारात जाणार होती, तरी ती पाला आणायला गेली. उपाशी कशाला ठेवायची?

बाजाराच्या दिवशी उजाडायच्या सुमाराला ती गोठ्यात गेली. गवंडी अंगणात नवीन दोर घेऊन उभा होता. "एकदाच," ती म्हणाली. "भावोजी, एकदाच बसते, मग सोडा." तिनं गरम पाण्यात हात बुडवले, तेल लावलं, बसली. बाईसाहेबांनी पाय उचलला.

दार करकरलं. थोरली आत आली, मागे वळली आणि गवंड्याच्या तोंडावर दार लावून आतून कडी घातली. ती धाकटीकडे न बघता म्हशीच्या तोंडापाशी गेली, गव्हाणीच्या कडेवर बसली आणि डावा हात तिच्या कपाळावर ठेवला. म्हशीनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की गव्हाणीतला पाला उडाला.

थोरलीनं म्हशीचं कपाळ खाजवलं. मग बोलायला लागली, हलक्या आवाजात.

"हात दुखतो गं बाई. रात्रभर दुखतो. कुणाला सांगू? यांना सांगितलं तर म्हणतात, गोळी घे. गोळीनं काय होतंय... आणि ते शेवाळ, तुलाच किती वेळा म्हटलं होतं, खरवडायला हवं. नाही खरवडलं."

म्हशीचे कान पुढे आले. धाकटीनं सडांना हात लावला. पाय उचलला नाही.

"आईकडे जाऊन दोन वर्षं झाली. जाईन म्हणते, पण जाऊन काय सांगू? काकीनं अजून राग सोडलेला नाही. म्हणते, तुझ्या भरवशावर पोरीला थांबवलं. माझा शब्द गेला गं, सगळ्यांसमोर शब्द गेला..." ती थांबली. धाकटीला वाटलं आता उठून जाणार. पण म्हशीनं नाक तिच्या मांडीला घासलं आणि ती पुढे बोलायला लागली, "आणि ही आली. तुला सांगितलं होतं ना, कशी आहे ती. पायात काय आहे तिच्या कोण जाणे, चालते तर भांडी वाजतात. एवढं एवढं तेल घालते भाजीत. सारखी पुढे पुढे करते. हसते. मी बोलत नाही तरी हसते. मला राग येतो. मी कधी इतकी हसले होते का गं? माझा कोट धुतला. सहा वर्षांचा तुझा-माझा वास, धुऊन टाकला मेलीनं!"

धाकटीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं, पण हात थांबले नाहीत. कास सैल पडली. आधी चूळभर, मग बोटाएवढी, मग बादलीच्या तळाशी खणखण वाजणारी धार. मूठ दुखायला लागली. दुखू दे. ऐकू दे. हिच्या मनात जेवढं आहे तेवढं ऐकते, ती मनात म्हणाली, एक थेंब ठेवत नाही.

"हात थंड आहेत का तिचे?" थोरली म्हशीला विचारत होती. "नाहीत? मग दे. मी सांगते तर दे."

बादली भरली. दार उघडलं तेव्हा दोन्ही भाऊ बाहेर उभे होते. गवंड्यानं बादलीत बघितलं, हातातला दोर बघितला आणि तो हळूच पाठीमागे लपवला.

पुढचे आठ दिवस तसंच चाललं. थोरली यायची, कडी लावायची, म्हशीला सगळं सांगायची, धाकटी खाली बसून आपल्याविषयीचं ऐकत धार काढायची. मेथी जाड चिरलेली, झाडू उभा ठेवलेला, हौद अजून खरवडलेला नाही. हौद त्याच दिवशी खरवडला गेला, मेथीही बारीक झाली. बाहेर आल्यावर थोरली पुन्हा पहिल्यासारखी, "ताटं घ्यायला हवीत." मुकादमाला निरोप गेला, नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, ते कुणी बोललं नाही.

नवव्या दिवशी थोरलीला प्लॅस्टर दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. संध्याकाळपर्यंत येते म्हणाली, पण सूर्य कलला तरी पत्ता नाही. म्हैस हंबरायला लागली. धाकटीनं बादली घेतली, दार लावलं, म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं.

"ती आज नाही," ती म्हणाली. "मी आहे."

म्हशीनं कान मागे केले. धाकटी गोड बोलून बघायला निघाली होती, पण शब्द तोंडातच राहिले. गोड बोललेलं हिला चालत नाही, हे तिला आता कळलं होतं.

"काय सांगू तुला? तुझी मालकीण माझ्याशी बोलत नाही. तीन वर्षं झाली. आल्या दिवशी तिनं ताट वाढलं ना, मला वाटलं होतं, चला, आपल्याला थोरली बहीण मिळाली. मला बहीण नाही. होती, ती पालातच तापानं गेली. मी किती हसायची हिच्यापुढे, मूर्खासारखी. तोंड दुखायचं. तिला वाटतं मला हसायला येतं. भीती वाटते मला, म्हणून हसते. आज घालवतील, उद्या घालवतील. तुला आंबोण घालताना वाटतं, आपलंही असंच, आटलो की बाजार. कधीतरी तर वाटतं, तिच्या त्या गप्प तोंडावर पाण्याची घागर ओतावी! ओतीन एक दिवस. पण जाणार नाही. सांगून ठेवते तुला, मी जाणार नाही."

पहिली धार आली. ती रडत होती आणि हसतही होती. सडांना हात धरून बसल्यानं दोन्ही पुसता येईना. म्हैस शांत उभी राहून रवंथ करत होती आणि दूध येत होतं, तिच्या एकटीच्या हाताला येत होतं.

बादली अर्ध्यावर आली तेव्हा दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. किती वेळ उभी होती देव जाणे. धाकटीनं थोरलीचा आवाज ओळखला, पण धार सोडता येत नव्हती. मधेच सोडली तर म्हैस उरलेलं चोरते. ती तशीच काढत राहिली. बाहेरूनही कुणी घाई केली नाही.

शेवटचा थेंब निघाल्यावर तिनं कडी काढली. थोरली प्रवासाच्या कपड्यांत, पायांवर धूळ. ती आत आली, बादलीकडे बघितलं, सरळ म्हशीपाशी गेली आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"सांग तिला," ती म्हशीला म्हणाली, "जा म्हटलंय कुणी?"